दुधाचे दात आणि सहाव्या वर्षीची दाढ

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पहिली-दुसरीतील मुलांना घेऊन चिकित्सालयात येणाऱ्या पालकांची संख्या वाढते. सर्दी, खोकला, पावसाळ्यातील अग्निमांद्य ही कारणे असतातच. परंतु निघता निघता, चपला पायात सरकवताना, बहुतेक माता एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, ह्याचा खालचा दात हलतोय. काही द्यायला हवं का?" ठाण्यात नौपाड्याला असो, कल्याणात पारनाक्याला असो वा डोंबिवलीत मानपाडा रस्त्याला असो, प्रश्नाचे शब्दही फारसे बदलत नाहीत. आपणा वैद्यांचे उत्तरही ठरलेले आहे. "काही नको, आपोआप पडेल." हे उत्तर बरोबर आहे. परंतु ते तेथेच थांबते, आणि त्याच सुमारास त्याच मुलाच्या तोंडात अगदी मागे, कोणाच्याही नकळत, दुसरा एक दात उगवत असतो. त्याविषयी माता विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या दुसऱ्या दातासाठी आहे. पण तेथवर पोहोचण्यासाठी पहिल्या दातापासूनच आरंभ करावा लागेल.

बालकांच्या दातांचे सर्वांत विस्तृत विवेचन काश्यपसंहितेत आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे. नेपाळचे राजगुरू पं. हेमराज शर्मा यांच्याकडील खंडित हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केली. ग्रंथाचा बराच भाग काळाने गिळला. सूत्रस्थानातील दन्तजन्मिक अध्याय मात्र सुदैवाने आपल्या हाती आला. त्यात दातांची एकूण संख्या बत्तीस सांगून त्यांचे दोन गट केले आहेत. आठ दात सकृज्जात, म्हणजे एकदाच जन्मणारे. उरलेले चोवीस द्विज, म्हणजे पडून पुन्हा जन्म घेणारे. अमरकोशानेही द्विज शब्दाच्या अर्थांत विप्र आणि अंडज यांच्या पंक्तीला दाताला बसविले आहे. वरच्या मधल्या दोहोंना राजदन्त, त्यांच्या शेजारच्यांना बस्त, सुळ्यांना दंष्ट्रा आणि मागील सर्वांना हानव्य अशी नावे आहेत. मुलींचे दात लवकर व कमी त्रासाने येतात असेही तेथे नोंदविले आहे. कायमचे दात मुलींना मुलांपेक्षा काही महिने आधी येतात, ही आजच्या दंतशास्त्राचीही नोंद आहे.

याच अध्यायात एक सुटसुटीत नियम आहे. जन्मानंतर जितक्या महिन्यांनी दात उगवतात, साधारण तितक्याच वर्षांनी ते पडून पुन्हा उगवतात. समोरच्या दातांना हा नियम चांगला लागू पडतो. खालचे मधले दोन दात सहाव्या ते दहाव्या महिन्यात येतात आणि सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, वरचे त्यानंतर. ज्या बालकाचा पहिलाच दात वर्ष उलटून गेल्यावर आला, त्याचे दात पडण्यासही बहुधा उशीर होतो. वर्गातील सर्व मुलांचे दात पडले आणि आमच्याच मुलाचा एकही हलत नाही, असे म्हणणाऱ्या पालकांस आम्ही प्रथम पहिला दात कोणत्या महिन्यात आला ते विचारतो. पुष्कळदा उत्तरातच समाधान असते. सुळे आणि दाढा यांना मात्र हा हिशेब लावता येत नाही. पंचविसाव्या महिन्यात आलेली दुधाची दाढ पंचविसाव्या वर्षापर्यंत कोणाच्या तोंडात राहत नाही; ती दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते. सूत्र समोरच्या दातांकडे पाहून बांधले गेले असावे, असे आम्हांस वाटते. मुलाचे तोंड उघडले की प्रथम दिसतात ते तेच.

दात हलतो कसा?

दुधाच्या दाताला मूळच नसते, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र आहे. सुशिक्षित पालकही पडलेला दात पुढे करून "मूळ आत राहिलं का हो?" असे काळजीने विचारतात. वस्तुतः दुधाच्या दाताला चांगले लांब मूळ असते. दात तोंडात येऊन वर्ष-दीड वर्ष झाले की ते पूर्ण वाढते. त्यानंतर जबड्याच्या आत, त्याच्या मुळाशी, पुढच्या दाताचा कोश मोठा होऊ लागतो. या कोशाच्या प्रेरणेने हाड झिजविणाऱ्या पेशींसारख्याच पेशी मुळावर गोळा होतात आणि ते कणाकणाने विरघळवितात. मूळ तुटत नाही, आत राहत नाही. ते शरीरातच जिरून जाते. शेवटी हिरडीच्या कडेला धरून राहिलेली नुसती टोपी उरते. तीच मुलाच्या हातात येते.

हे झिजणे सलग नसते. काही दिवस झीज, मग काही दिवस डागडुजी, पुन्हा झीज, असा क्रम चालतो. म्हणून सोमवारी लटपटणारा दात गुरुवारी पुन्हा घट्ट वाटतो आणि आजी म्हणते, "बघ, सारखा हात लावलास म्हणून रुसला." आजीचे निदान चुकते, निरीक्षण चुकत नाही.

या अवस्थेला दोषदूष्यांची नावे देण्याचा मोह टाळावा, असे आमचे मत आहे. अस्थी हा वायूचा आश्रय आहे आणि सुश्रुताने दातांना रुचकास्थी म्हटले आहे, हे खरे. म्हणून प्रत्येक हलणारा दात वातप्रकोपाचे लक्षण ठरत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात स्वभावोपरम सांगितला आहे. भाव उत्पन्न होण्यास कारण लागते, निवृत्त होण्यास ते शोधत बसावे लागत नाही. दुधाच्या दाताचे जाणे या तत्त्वाच्या उदाहरणादाखल वर्गात सांगावे इतके चपखल आहे. व्याधी ओळखण्याची खूणही आपल्याकडे आहे. वाग्भटाने दन्तरोगांत चाल नावाचा विकार वर्णिला आहे. त्यात दात हलतात आणि खाताना वेदना वाढतात. मुलाचा दुधाचा दात हलतो तेव्हा तो जिभेने त्याच्याशी दिवसभर खेळत असतो. वेदना असेल, हिरडीतून पू वा रक्त वाहत असेल, मुखदुर्गंधी असेल, तर ते स्वाभाविक पतन नव्हे. अशा मुलात दन्तवेष्ट, उपकुश यांचा विचार करावा आणि त्यामागे काय आहे ते शोधावे.

चोवीस की वीस?

आता त्या संख्येकडे वळू. कश्यपांनी पुन्हा उगवणारे दात चोवीस सांगितले. आज कोणताही दंतवैद्य सांगेल की दुधाचे दात वीस असतात. कायमचे बत्तीस, त्यांपैकी वीस दुधाच्या दातांच्या जागी येतात आणि बारा दाढा एकदाच, नव्या जागेत, मागे उगवतात. म्हणजे सकृज्जात आठ नव्हेत, बारा. मधल्या चार दातांचे काय झाले?

महाविद्यालयात असताना या फरकाचे उत्तर "मतभेद" असे एका शब्दात मिळत असे. आमचा तर्क असा आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात एकही दात पडण्यापूर्वी प्रत्यक्ष किती दात असतात, हे मोजावे. दुधाचे वीस, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे उगवणाऱ्या चार नव्या दाढा. एकूण चोवीस. या चार दाढा येताना कोणताही दात पडत नाही, जागा रिकामी होत नाही, गाजावाजा होत नाही. ज्या निरीक्षकाने पतन सुरू होण्याच्या वेळी बालकाचे दात मोजले, त्याला चोवीस आढळले; आणि लहानपणीचे सर्व दात पडतात या अनुभवावरून त्याने चोवीसही द्विज मानले. उरलेल्या आठ, म्हणजे बाराव्या वर्षानंतरच्या आणि अक्कलदाढा, सकृज्जात ठरल्या. गणित नेमके जुळते. संहितेचा आदर बाळगूनच आम्ही हे मांडीत आहोत. मूळ पाठ चाळून विद्वज्जनांनी या तर्काची परीक्षा करावी.

आम्हांस या तर्काचे अप्रूप वाटते ते वेगळ्याच कारणाने. त्या चार दाढा लहानपणीच्या दातांत मोजण्याची हीच गल्लत ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या घराघरांत आजही होते. तेथे ती केवळ संख्येची राहत नाही.

सहाव्या वर्षीची ही दाढ कायमची असते. तिचा वरचा भाग घडविण्यास जन्माच्या सुमारासच प्रारंभ होतो आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत तो आतल्या आत तयारही होतो. उगवताना हिरडी थोडी सुजते. आठवडाभर मूल पोळी चावण्यास कुरकुर करते. कोणी त्याला टॉन्सिल म्हणते, कोणी जंत. मग दाढ वर येते. तिच्या पृष्ठावर खोल खाचा असतात. बिस्किटाचा आणि गोड पावाचा लगदा त्या खाचांत बसतो आणि सहा वर्षांच्या मुलाचा ब्रश तेथवर पोहोचत नाही. आठव्या-नवव्या वर्षी दाढेवर काळा ठिपका दिसू लागतो. पालक पाहतात आणि निर्धास्तपणे म्हणतात, "दुधाचीच आहे, पडेल." अकराव्या वर्षी दाढ ठणकते. तोवर कीड मज्जेपर्यंत गेलेली असते. मुळांवर उपचार करून दाढ वाचविता येते. परंतु त्यासाठी लागणाऱ्या फेऱ्या सकाळी सातची लोकल गाठणाऱ्या आईवडिलांना जमत नाहीत, खर्चही झेपत नाही, आणि दाढ काढून टाकली जाते. आमच्याकडे अशी मुले येतात ती अन्य तक्रारींसाठी, बहुधा अरुचीसाठी वा एकाच बाजूने जेवण्यासाठी. चर्वणाचा मुख्य भार ज्या दाढेवर आयुष्यभर पडावयाचा, ती बाराव्या वर्षापूर्वीच गेलेली असते. तिच्यामागची दाढ मग त्या पोकळीत कलते.

ही दाढ ओळखण्यास आरसा लागत नाही, एक्स-रे लागत नाही. मोजता यावे लागते. समोरच्या मध्यरेषेपासून आरंभ करून एका बाजूस मोजत जावे. पडलेल्या दाताची रिकामी जागाही एक धरावी. पाचपर्यंतचे दात दुधाचे किंवा त्यांच्या जागी आलेले नवे. सहाव्या क्रमांकावर जी दाढ आहे ती कायमची. मूल सहा वर्षांचे असो वा अकरा वर्षांचे, हा क्रमांक बदलत नाही. सहावे वर्ष, सहावा क्रमांक, इतके पालकांस एकदा दाखविले की ते विसरत नाहीत. आम्ही तर मुलाच्याच बोटाने त्याला ती दाढ चाचपावयास लावतो. दाढ नवी व निरोगी असतानाच दंतवैद्याकडे धाडावे. तिच्या खाचा बुजविणारा सीलंट नावाचा लेप तेथे लावता येतो. दाढ कोरावी लागत नाही, भूल लागत नाही.

दुधाच्या दाढांविषयीही "पडणारच आहे" हा युक्तिवाद फसवा आहे. पाचव्या वर्षी किडलेली दुधाची दाढ पडण्यास अजून पाच-सहा वर्षे अवकाश असतो. ती आपल्या खाली वाढणाऱ्या दाताची जागा राखून असते. ती अकाली काढली की मागून येणारी सहाव्या वर्षीची दाढ पुढे सरकते, जागा अडते, आणि तेराव्या वर्षी दात वेडेवाकडे आले म्हणून तारा लावाव्या लागतात. दुधाच्या दाढेखाली वारंवार पू साठत असेल तर खालच्या कोवळ्या दातावरही डाग वा खळगे पडू शकतात. दाढ काढणे अटळच असेल, तर जागा राखणारी तार बसविण्याविषयी दंतवैद्यास विचारावे, असे पालकांस आवर्जून सांगावे.

या संदर्भात आपल्या जिल्ह्याचा एक विशेष आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी शुभारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी करणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकाची रचना दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका अशी आहे, आणि तपासावयाच्या विकारांच्या यादीत दंतविकार स्पष्टपणे नमूद आहेत. म्हणजे ज्या मुलाला दंतवैद्याची पायरी कधीच दिसत नाही, त्याच्या तोंडात पाहणारा पहिला, आणि कित्येकदा एकमेव, चिकित्सक आपला बीएएमएस बंधू किंवा भगिनी असते. दिवसाला शाळेभर मुले तपासताना जीभ, टॉन्सिल आणि समोरचे दात पाहून पुढच्या मुलाकडे वळणे स्वाभाविक आहे. त्यात आणखी एक गोष्ट मिळविता येईल. पहिली-दुसरीच्या मुलाचा गाल बोटाने बाजूस करून सहाव्या क्रमांकाची दाढ आली का आणि तिच्यावर ठिपका आहे का, एवढेच पाहावे. त्यास दहा सेकंदही लागत नाहीत.

पालकांच्या किरकोळ शंका येथेच आटोपून घेऊ. खालचा दुधाचा दात न पडता त्याच्यामागे नवा दात डोकावला तर घाबरू नये. दुधाचा दात हलत असेल तर तो पडतो आणि जीभ नव्याला हळूहळू पुढे ढकलते. अजिबात हलत नसेल तरच दंतवैद्याकडे जावे. नव्या दाताच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, ते चावून झिजतात. नवा दात दुधाच्या दातापेक्षा पिवळसर दिसतो. तो मळ नव्हे, आतील दन्तधातूचा रंग होय. वरच्या पुढच्या दातांमध्ये आठव्या-नवव्या वर्षी फट दिसते. सुळे उतरले की ती बहुधा मिटते.

अकाली पतन

ज्याला खऱ्या अर्थाने वैद्याची दृष्टी लागते ते पतन अकाली असते. आघात नसताना, कीड नसताना, चार-पाच वर्षांच्या आत दुधाचा दात पडला, तर ते कधीही सामान्य मानू नये. अस्थींचे खनिजीभवन बिघडविणारा हायपोफॉस्फेटेसिया हा जन्मजात विकार, रक्तातील श्वेतकणांचे विकार, क्वचित रक्ताचा कर्करोग, अशा गंभीर व्याधी प्रथम हिरडीत आणि दातांत प्रकट होऊ शकतात. हायपोफॉस्फेटेसियात दात पडतो तो अखंड, लांब मुळासह. मूळ जिरलेले नसते. म्हणून एक सवय आम्ही लावून घेतली आहे. मुलाचा दात लवकर पडला असे ऐकले की पडलेला दात पाहावयास मागतो.

अडचण अशी की तोवर दात उंदराच्या स्वाधीन झालेला असतो. कौलावर फेकणे, उंदराच्या बिळाशी ठेवणे, शेणाच्या गोळ्यात घालून टाकणे, अशा रीती आपल्याकडे घराघरांत होत्या. जुन्या दाताच्या मोबदल्यात उंदराने आपल्यासारखा चिवट दात द्यावा, ही त्यामागील मागणी. मागणी निरर्थक नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. स्पेनमध्येही १८९४ च्या सुमारास लुईस कोलोमा यांनी बालराजा आल्फोन्सो याच्या पडलेल्या दातासाठी पेरेझ नावाच्या उंदराची कथा रचली होती, तेव्हा हा व्यवहार केवळ आपलाच नव्हे. कल्याणच्या जुन्या वाड्यांवरील आणि डोंबिवलीच्या चाळींवरील कौले जाऊन स्लॅब आले. सातव्या मजल्यावरील मुलाने दात कोठे फेकावा, हा प्रश्न त्याच्या आजीला खराच पडतो. तुळशीच्या कुंडीत तो पुरल्याचे आम्ही ऐकले आहे. रीत जरूर पाळावी, परंतु पाच वर्षांच्या आत पडलेला दात आधी वैद्याला दाखवावा आणि मग उंदराला द्यावा.

पडलेला दात बोलतो, हे आणखी एका प्रकारे सिद्ध झाले आहे. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात १९५८ ते १९७० या काळात मुलांचे सुमारे तीन लाख दुधाचे दात गोळा करण्यात आले. अणुचाचण्यांतून हवेत, तेथून गवतात, दुधात आणि शेवटी बालकांच्या दातांत उतरलेले स्ट्रॉन्शियम त्यांत मोजले गेले. १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराच्या वेळी जे जनमत तयार झाले होते, त्यात या दातांचाही वाटा होता.

दुकानाच्या गल्ल्यावर

औषधी दुकानदार बंधूंसाठी काही गोष्टी स्पष्टपणे लिहिणे अवश्य आहे. दात पडू लागले की नवे दात बळकट यावेत म्हणून कॅल्शियमची बाटली किंवा प्रवाळाच्या पुड्या मागणारे पालक रोज येतात. सातव्या वर्षी तोंडात येणाऱ्या समोरच्या दाताचा वरचा भाग चौथ्या-पाचव्या वर्षीच जबड्यात पूर्ण घडलेला असतो. आता दिलेले कॅल्शियम त्या दातात शिरत नाही. मुलाच्या आहारात दूध, नाचणी, तीळ, डाळी असतील तर त्याला दातासाठी औषध लागत नाही. नसतील तर बाटलीने ती उणीव भरत नाही. आठ वर्षांखालील मुलास टेट्रासायक्लिन दिल्यास घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडतात, हे मिश्र चिकित्सा करणाऱ्या बंधूंनी विसरू नये.

लवंगेचे तेल लहान मुलाच्या हिरडीस लावण्यासाठी देऊ नये. ते हिरडी भाजते, आणि लहान बालकाच्या पोटात काही मिलिलिटर गेले तरी विषबाधा होऊ शकते. दात पडून जागा दुखरी झाली असेल तर कोमट पाण्यात चिमूटभर मीठ किंवा पातळ त्रिफळाक्वाथ, एवढे पुरे. अष्टांगहृदयात पाच वर्षांखालील बालकास कवल निषिद्ध सांगितला आहे. दात पडण्याचे वय नेमके त्यानंतर सुरू होते, ही सोय म्हणावयाची.

सर्वांत गंभीर विषय पाऱ्याचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये दात येणाऱ्या बालकांसाठी कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार, असलेली चूर्णे दुकानांतून सर्रास विकली जात. हातपाय गुलाबी होणे, चिडचिड, प्रकाश सहन न होणे, हिरड्या सुजणे आणि दुधाचे दात अकाली गळणे अशा लक्षणांचा गुलाबी रोग या नावाने एक विकार तेथे दीर्घकाळ गूढ ठरला होता. कारण पारा आहे हे १९४० च्या दशकात उमगले, १९५४ च्या सुमारास ती चूर्णे बाजारातून गेली, आणि रोगही नाहीसा झाला. दातांसाठी दिलेल्या औषधानेच दात गळत होते. पाऱ्याचा हा स्वभाव आपल्या आचार्यांना ठाऊक होता. भावमिश्रांनी फिरंगरोगात रसकर्पूर देताना तो कणकेच्या आवरणात घालून दातांना स्पर्श न होता गिळावयास सांगितला, तो मुखपाकाच्या भयानेच. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई-१ परिशिष्टातील द्रव्ये असलेले पोटात घेण्याचे कल्प वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावेत, अशी सूचना वेष्टनावर असते. दातांच्या तक्रारीसाठी कोणी आजोबा जुन्या चिठ्ठीवर बाळासाठी रसकल्प मागू लागले, तर तो गल्ल्यावरून देऊ नये. ही आमची विनंती नसून आग्रह आहे.

दात उपटण्याविषयी थोडके. सुश्रुताने, वेगळ्या संदर्भात का होईना, वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये असे बजावले आहे. नोव्हेंबर २०२० मधील केंद्रीय परिषदेच्या अधिसूचनेने ५८ शस्त्रकर्मांच्या यादीत हलणारा दात काढण्याचाही समावेश केला. परंतु ती शल्य-शालाक्यातील पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. तिच्या आधारे आपल्यासारख्या पदवीधराने खुर्चीत मूल बसवून चिमटा उचलू नये. स्वाभाविकपणे पडणाऱ्या दाताला मुलाची जीभ आणि एखादा पेरू पुरतो. दोरा बांधून दाराला लटकविण्याचा पराक्रम वडिलांनी करू नये, हेही सांगावे. मूळ पूर्ण जिरलेले नसेल तर हिरडी फाटते.

शेवटी एक तातडीचा प्रसंग. आठ-नऊ वर्षांचे मूल सोसायटीच्या आवारात पडते, समोरचा दात मुळासह हातात येतो, आणि घाबरलेले वडील प्रथम धावतात ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात. या वयाला पुढचे दात बहुधा कायमचे असतात. दात वरच्या टोकाने धरावा, मुळाला हात लावू नये, मळ लागला असेल तर पाण्यात हलकेच विसळावा. घासू नये, कापसात किंवा कागदात गुंडाळू नये, जंतुनाशकात बुडवू नये. थंड दुधात टाकून मुलासह तत्काळ दंतवैद्याकडे धाडावे. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात तो पुन्हा जागी बसविला तर जगण्याची आशा चांगली असते. पाच वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात असा निखळला तर मात्र तो परत बसवू नये. खालच्या कोवळ्या दातास इजा होते. दुकानात बँडेज मागावयास आलेल्या वडिलांच्या मुठीतील दात कोणता, हे मुलाचे वय विचारून ठरवावे, आणि शेजारच्या डेअरीतून दुधाची पिशवी आणवावी.